आंतड्यांतील देवघेव

गेल्या पावसाळ्यांत आमच्या थोरल्या वहिनींना तीन दिवस थंडी वाजून ताप येत होता. डॉक्टरांनीं लघवी तपासून घेण्यास सांगितलें, आणि दोन दिवसांनीं प्रयोगशाळेंतून एक कागद हातीं आला. वरच्या बाजूस जंतूचें नांव होतें, ई. कोलाय, खालीं सोळा औषधांची यादी, आणि प्रत्येक औषधासमोर एकच अक्षर. ‘एस्’ म्हणजे तें औषध लागू पडतें. ‘आर्’ म्हणजे जंतु त्याला दाद देत नाहीं. सोळांपैकीं अकरा ठिकाणीं ‘आर्’ होतें.

वहिनींचें वय अडुसष्ट. त्या जुन्या वळणाच्या. सर्दीला गवती चहाचा काढा, पोट बिघडलें तर कुड्याची साल आणि ताक, यापलीकडे त्यांचें औषध सहसा जात नाहीं. त्यांनीं तो कागद सावकाश वाचला, चष्मा काढून ठेवला आणि मला विचारलें, “भावोजी, गेल्या सहा-सात वर्षांत यांतली एकही गोळी मीं तोंडांत टाकलेली नाहीं. मग माझ्या पोटांतल्या जंतूंना हीं अकरा औषधें ठाऊक झालीं तरी कोठून?”

प्रश्न सरळ होता, पण मला त्याचें उत्तर तेथल्या तेथें देतां आलें नाहीं. पुढें त्या सात दिवस रुग्णालयांत होत्या. त्या अवधींत जें वाचलें, तें या महिन्याच्या सदरांत मांडीत आहें.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मूत्रमार्गाच्या या विकाराचे जंतु बहुतेक वेळां रोग्याच्या स्वतःच्याच आंतड्यांतले असतात. ई. कोलाय हा तेथला जुना रहिवासी. १८८५ सालीं थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञानें तान्ह्या मुलांच्या मळांत तो प्रथम ओळखला, आणि त्याच्याच नांवावरून या जंतूचें आजचें नांव पडलें. आपल्या शरीरांत सुमारें अडतीस लक्ष कोटि जंतु राहतात, असा अलीकडील अदमास आहे. त्यांतले बहुतेक सर्व मोठ्या आंतड्यांत असतात, आणि सर्वांचें मिळून वजन अर्ध्या शेराच्याही आंत भरतें. या प्रचंड वस्तींत ई. कोलायचा वांटा लहान असतो. सामान्यतः तो निरुपद्रवी असतो. आपली जागा सोडून मूत्राशयांत शिरला म्हणजे मात्र त्याचा ताप होतो. तात्पर्य, वहिनींच्या कागदावर जी यादी उमटली ती त्यांच्याच पोटांतल्या एका बिऱ्हाडाची होती.

औषधाला जंतु दाद देईनासे होतात तें कसें, याविषयीं एक समजूत घरोघरीं आढळते. अफू खाणाऱ्याला जशी हळूहळू अफूची संवय होते, तशी जंतूंना औषधाची संवय होते, असें लोक म्हणतात. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची कशी ठरली याची हकीकत मोठी रंजक आहे. १९४३ च्या आरंभीं अमेरिकेंतील ब्लूमिंग्टन येथें इंडियाना विद्यापीठांतील अध्यापकांच्या एका समारंभांत साल्वादोर लुरिया हा इटालियन शास्त्रज्ञ एका सहकाऱ्याचा खेळ पाहत उभा होता. सहकारी नाणें टाकून खेळावयाच्या जुगाराच्या यंत्राशीं झटत होता. बराच वेळ कांहीं मिळेना, आणि मग एकदम नाण्यांची रास ओतली गेली. लुरियाच्या मनांत आलें कीं, जंतूंतील फेरफारही असेच घडत असतील काय? जंतुभक्षक विषाणूंना पुरून उरणारे ई. कोलाय त्याच्या अभ्यासाचा विषय होते. प्रतिकार जर विषाणूशीं गांठ पडल्यावर उत्पन्न होत असेल, तर निरनिराळ्या नळ्यांत वाढविलेल्या जंतूंमध्यें वांचणाऱ्यांची संख्या साधारण सारखीच यावयास पाहिजे. तो जर आधींच कधींतरी, आपोआप, एखाद्या जंतूंत उत्पन्न होऊन त्याच्या वंशांत उतरत असेल, तर कांहीं नळ्यांत एकही वांचणार नाहीं आणि एखाद्या नळींत मात्र रास सांपडेल. प्रयोगांत रासच सांपडली. माक्स डेलब्रुक यानें त्याचें गणित बसवून दिलें, आणि पुढें १९६९ सालीं या दोघांस हर्शी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें.

शंकेखोरांचें समाधान १९५२ सालीं पुरतें झालें. जोशुआ लेडरबर्ग आणि त्यांची पत्नी एस्थर यांनीं मखमलीचा तुकडा घेऊन त्यावर एका तबकडींतील जंतूंच्या वसाहतींचा ठसा उमटविला, आणि तो ठसा दुसऱ्या तबकड्यांवर दाबला. औषध असलेल्या तबकडींत ज्या जागीं जंतु वांचले, त्याच जागचे मूळ तबकडींतले जंतु उचलून पाहिले. त्यांनीं औषध कधींच पाहिलें नव्हतें, तरी ते प्रतिकारक निघाले. म्हणजे औषध कोणाला शिकवीत नाहीं. तें केवळ निवड करतें. जे आधींपासूनच निराळे असतात ते मागें राहतात, बाकीचे मरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेंत उरलेल्यांचा वंश दर वीस मिनिटांस दुप्पट होऊं शकतो. (पतीस १९५८ सालीं नोबेल मिळालें, या युक्तींत आणि इतर पुष्कळ कामांत वांटेकरीण असलेल्या एस्थरबाईंचें नांव सामान्य वाचकांस अद्याप फारसें माहीत नाहीं.)

पण एवढ्यानें वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. त्यांनीं औषध घेतलेंच नव्हतें, मग निवड केली कोणीं? शिवाय अकरा औषधें एकदम कशीं? एका औषधाला दाद न देण्याजोगा फेरफार समजा दहा कोटींमध्यें एका जंतूंत आपोआप होतो. मग दोन निरनिराळे फेरफार एकाच वेळीं एकाच जंतूंत होण्यास एकावर सोळा शून्यें इतके जंतु पाहिजेत, आणि चार होण्यास एकावर बत्तीस शून्यें. साऱ्या पृथ्वीवर मिळून जंतूंची अदमासें संख्या एकावर तीस शून्यें इतकीच भरते! आपोआप घडणाऱ्या फेरफारांवर भिस्त ठेवली तर चार औषधांचा एकदम प्रतिकार करणारा जंतु जन्मासच येऊं नये.

तो आला, आणि प्रथम लक्षांत आला तो जपानांत. तेथें रक्ती आंवेचा रोग फार जुना. १८९७ च्या मोठ्या साथींत कियोशी शिगा यानें त्याचा जंतु शोधून काढला, आणि त्याच्याच नांवावरून त्याला शिगेला म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सल्फा औषधांनीं या रोगास आळा बसला. ती मात्रा कांहीं वर्षांत चालेनाशी झाली, तेव्हां स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन हीं नवीं प्रतिजैविकें आलीं. १९५५ सालीं एका रुग्णाच्या मळांतून असा शिगेला मिळाला कीं त्याच्यावर यांपैकीं एकही औषध चालेना. पुढच्या दोन-चार वर्षांत अशा रुग्णांची संख्या झपाट्यानें वाढली. जपानी वैद्यांच्या नजरेंत कांहीं विलक्षण गोष्टी भरल्या. एकाच साथींत, एवढेंच काय एकाच रुग्णांत, त्याच जातीचे कांहीं शिगेला चारही औषधांना वश होणारे असत आणि कांहीं चारहींना न जुमानणारे. मधले जवळजवळ नाहींतच. एकच औषध घेतलेल्या रुग्णांतही चारही औषधांचा प्रतिकार आढळे. आणि ज्याच्या शिगेलांत हा गुण असे, त्याच्या पोटांतल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्येंही बरेचदां नेमका तोच गुण सांपडे.

तोमोइचिरो आकिबा आणि कुनितारो ओचिआइ यांनीं स्वतंत्रपणें हीच शंका घेतली कीं, हा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जात असावा. १९५९ च्या सुमारास त्यांनीं प्रतिकारक ई. कोलाय आणि साधे शिगेला एका नळींत एकत्र वाढविले. थोड्या वेळानें ते शिगेलाही चारही औषधांना दाद देईनासे झाले. हे लेख जपानी भाषेंत होते, त्यामुळें पाश्चात्त्यांच्या कानीं ते बराच काळ गेले नाहींत. त्सुतोमु वातानाबे यानें १९६३ सालीं इंग्रजींत साकल्यानें वृत्तांत लिहिला तेव्हां कोठें जगांत खळबळ उडाली. दरम्यान लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयांत नाओमी दत्ता या विदुषींना साल्मोनेला जंतूंच्या एका साथींत हाच प्रकार दिसला होता, आणि तो त्यांनीं १९६२ सालीं प्रसिद्धही केला होता.

हा गुण जातो कशाच्या रूपानें? प्रत्येक जंतूचें एक मुख्य गुणसूत्र असतें. तें त्याच्या कुळाचें दप्तर होय. ई. कोलायच्या प्रयोगशाळेंतील एका प्रसिद्ध वाणाचें हें दप्तर १९९७ सालीं अक्षरशः वाचून झालें. त्यांत सुमारें ४६ लक्ष अक्षरें आणि ४,३०० च्या आसपास जनुकें आहेत. तें बापाकडून लेकाकडेच जातें. पण पुष्कळ जंतूंजवळ याशिवाय डी.एन्.ए.चीं एक-दोन लहान कडीं वेगळीं असतात. जोशुआ लेडरबर्ग यांनीं १९५२ सालीं त्यांस प्लाझ्मिड हें नांव दिलें. दप्तर जर कुळाचें, तर प्लाझ्मिड ही स्वयंपाकघरांतली पाककृतींची वही समजावी. आमच्या आळींत कैरीच्या लोणच्याची एक विशिष्ट कृति आतां निदान पंधरा घरांत आहे. ज्या घरांतून ती निघाली त्यांची वही कांहीं रिकामी झालेली नाहीं. प्लाझ्मिडाचें तसेंच आहे. ज्याच्याजवळ तें आहे तो जंतु आपल्या अंगावरील एका सूक्ष्म तंतूनें शेजाऱ्यास जवळ ओढतो, दोहोंमध्यें वाट तयार होते, वहीची एक प्रत त्या वाटेनें पलीकडे जाते आणि एक घरीं राहते. दोघेही धनी होतात, आणि घेणारा पुढें तिसऱ्यास देऊं शकतो. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे असले पाहिजेत असेंही नाहीं. आमच्या वहिनींनीं जन्मभर जें सोंवळें पाळलें, त्याचा त्यांच्या पोटांतल्या रहिवाशांना गंधही नाहीं.

या वहींत लिहिलेलें असतें तरी काय? कांहीं पानांवर औषध कापून टाकणाऱ्या पाचकद्रव्याची कृति असते. पेनिसिलिनच्या कुळांतील औषधांच्या रेणूंत चौकोनी कडें असतें. तें तोडणारें द्रव्य ऑक्सफर्डमध्यें अब्राहम आणि चेन यांना १९४० सालींच ई. कोलायमध्यें आढळलें होतें, आणि त्या वेळीं पेनिसिलिन बाजारांत आलेंही नव्हतें! दुसऱ्या पानांवर आंत आलेलें औषध पंपानें बाहेर फेकण्याची युक्ति असते. टेट्रासायक्लिनवर ती चालते. तिसऱ्या ठिकाणीं औषध ज्या भागावर घाव घालतें तो भाग झांकून ठेवण्याची किंवा बदलण्याची व्यवस्था असते. आणि वही शिवलेली नसते, हें तर सर्वांत वाईट. जनुकांच्या अंगीं एका कड्यांतून सुटून दुसऱ्या कड्यांत, अगर मुख्य दप्तरांतही, जाऊन बसण्याची शक्ति असते. अशा उडत्या पानांस १९७४ सालीं ट्रान्सपोझॉन हें नांव मिळालें. त्यामुळें निरनिराळ्या ठिकाणचीं पानें कालांतरानें एकाच वहींत गोळा होतात, आणि मग एकाच्या मागोमाग बाकीचीं सर्व जातात. आतां जपानांतील कोडें सुटतें. एकच औषध दिलें तरी जी वही वांचते ती सबंध वांचते.

याचा सर्वांत बोलका पुरावा, माझ्या मतें, स्टुअर्ट लेव्ही यांनीं मॅसॅच्युसेट्समधील एका शेतावर केलेल्या प्रयोगाचा आहे. १९७६ सालीं तो प्रसिद्ध झाला. कोंबड्यांच्या पिलांना टेट्रासायक्लिन मिसळलेलें खाद्य देण्यांत आलें. वजन लवकर वाढावें म्हणून असें खाद्य देण्याची तेव्हां सर्रास चाल होती. एका आठवड्याच्या आंत त्यांच्या आंतड्यांतील जवळजवळ सर्व जंतु टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. पुढें, दुसरें कोणतेंही औषध दिलें नसतां, इतर अनेक औषधांचाही प्रतिकार दिसूं लागला. आणि शेतावर राहणाऱ्या कुटुंबाचें काय? पांच-सहा महिन्यांनीं त्या माणसांच्या मळाच्या नमुन्यांपैकीं ३१.३ टक्के नमुने असे निघाले कीं, त्यांतील ऐंशीं टक्क्यांहून अधिक जंतु प्रतिकारक होते. शेजाऱ्यांत हेंच प्रमाण ६.८ टक्के होतें. त्या कुटुंबानें औषध घेतलें नव्हतें. हा भाग मीं वहिनींना रुग्णालयांत वाचून दाखविला. त्या म्हणाल्या, “म्हणजे औषध कोंबड्यांनीं खाल्लें आणि फळ माणसांना!” नंतर थोडें थांबून, “आपल्या घरांत कोंबडी कोण?”

या प्रश्नाकडे मी पुन्हां येणार आहें. तत्पूर्वीं या वह्या आल्या कोठून तें पाहूं. मरे नांवाच्या एका जंतुशास्त्रज्ञानें १९१७ ते १९५४ या काळांत जगाच्या निरनिराळ्या भागांतून आंतड्यांतील जंतूंचे शेंकडों नमुने गोळा करून कुप्यांत बंद करून ठेवले होते. त्यांतले बहुतेक प्रतिजैविकांचा वापर सुरू होण्यापूर्वींचे. १९८३ सालीं व्हिक्टोरिया ह्यूज आणि नाओमी दत्ता यांनीं त्या कुप्या उघडल्या. सुमारें चौथ्या हिश्शाच्या जंतूंत शेजाऱ्यास देतां येणारीं प्लाझ्मिडें होतीं. पण त्यांवर प्रतिकाराचीं जनुकें जवळजवळ नव्हतींच. वह्या होत्या, उतरून देण्याची रीत होती. त्यांत हीं पानें घालावयास आपण लावलें. पानेंही नवीं नव्हेत. प्रतिजैविकें हीं मूळचीं मातींतील बुरशीचीं आणि जंतूंचीं अस्त्रें; त्यांवरचे तोड त्याच मातींत फार पुरातन काळापासून आहेत. कॅनडांतील यूकॉन प्रांताच्या गोठलेल्या मातींत तीस हजार वर्षांपूर्वींचीं प्रतिकारजनुकें सांपडल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. आज ज्या एका जनुकानें सेफॅलोस्पोरिन वर्गाच्या औषधांना जगभर निष्प्रभ केलें आहे, त्या सी.टी.एक्स्.-एम्.-१५ या जनुकाचें मूळ क्लुय्व्हेरा नांवाच्या एका बिनमहत्त्वाच्या जंतूच्या कुळदप्तरांत आहे. रोग्यांमध्यें तें प्रथम ओळखलें गेलें तें १९९९ सालीं नव्या दिल्लींत घेतलेल्या नमुन्यांत. वहिनींच्या कागदावर तळाशीं ‘ई.एस्.बी.एल्.’ अशीं अक्षरें होतीं. सेफॅलोस्पोरिन कापून टाकणारें द्रव्य या जंतूजवळ आहे, एवढाच त्यांचा अर्थ.

हें सर्व मूत्रविकारापुरतें असतें तर मीं सदराची इतकी जागा घेतली नसती. पण आपल्या आजी-पणज्यांना ज्याच्या नांवानें धडकी भरे तो मुदतीचा ताप याच कथेंत येतो. विषमज्वराचा जंतु ई. कोलायचा दूरचा भाऊबंद. १९४८ सालीं क्लोरॅम्फेनिकॉल आलें आणि एकवीस-एकवीस दिवस उशाशीं बसून काढण्याचे दिवस संपले. त्यानंतर अवघ्या चोवीस वर्षांनीं, १९७२ मध्यें, मेक्सिकोंत हजारों लोकांस असा विषमज्वर झाला कीं त्याला तें औषध लागू पडेना. त्याच वर्षीं आपल्याकडे केरळांत कोझिकोडे येथेंही तसाच जंतु सांपडला, आणि तेथेंही हा गुण प्लाझ्मिडावर, म्हणजे दुसऱ्यास देतां येण्याजोगा होता. मग दुसरीं औषधें आलीं, तींही एकामागून एक गेलीं. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानांत सिंध प्रांतांतील हैदराबाद येथें जो विषमज्वर सुरू झाला, त्याच्या जंतूवर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा वर्ग आणि सेफ्ट्रिॲक्झोनचा वर्ग असे पांचही उपाय निरुपयोगी ठरले. तोंडानें घ्यावयाच्या औषधांपैकीं अझिथ्रोमायसिन तेवढें उरलें. जनुकांचें वाचन केल्यावर आढळलें कीं, जुन्याच जंतूनें एक नवें प्लाझ्मिड पैदा केलें आहे. त्यावर तेंच सी.टी.एक्स्.-एम्.-१५ आहे, आणि तें प्लाझ्मिड ई. कोलायमध्यें सांपडणाऱ्या प्लाझ्मिडाशीं जुळतें आहे. ही प्रत बहुधा कोणाच्या तरी आंतड्यांतच उतरून घेतली गेली असावी. जो ई. कोलाय कोणालाही आजारी पाडीत नव्हता, त्यानें ती जन्मभर संभाळून ठेविली होती!

एवढ्यावरही एक उपाय शिल्लक असतो तो कार्बापेनेम वर्गाच्या इंजेक्शनांचा. २००८ सालीं स्वीडनमध्यें भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या जंतूंत तीं औषधेंही फोडून टाकणारें जनुक मिळालें. रुग्णाचा उपचार पूर्वीं दिल्लींत झाला होता, म्हणून त्या जनुकाला नवी दिल्लीचें नांव चिकटलें, आणि एन्.डी.एम्.-१ या नांवानें तें जगजाहीर झालें. या नामकरणावर आपल्याकडे फार रोष व्यक्त झाला. रोगाला गांवाचें नांव देणें शिष्टपणाचें नव्हे, हें खरेंच. परंतु त्या रोषापायीं मूळ विषय मागें पडला, असें माझें मत आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील वैद्यांनीं आपल्याकडील कार्बापेनेम-प्रतिकारक जंतु तपासून २४ पैकीं २२ मध्यें तें जनुक आहे असें २०१० सालीं स्वतःच प्रसिद्ध केलें होतें. २०११ सालीं नव्या दिल्लींतील पाण्याचे नमुने तपासले गेले. रस्त्यांवर सांचलेल्या व वाहणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकीं ५१ मध्यें, आणि पिण्याच्या पाण्याच्या ५० पैकीं दोहोंमध्यें हें जनुक निघालें. रुग्णालयाच्या भिंतींच्या आंत तें राहिलें नव्हतें.

आतां वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर हळूहळू जुळतें. एका डच अभ्यासांत दोन हजारांवर प्रवाशांचा मळ प्रवासाच्या आधीं व नंतर तपासला. तो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियांत येऊन गेलेल्यांपैकीं पंचाहत्तर टक्के लोक जातांना ई.एस्.बी.एल्. जंतु पोटांत घेऊन गेले. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. बहुतेकांच्या पोटांतून ते महिन्या-दोन महिन्यांत नाहींसे झाले. परंतु शेंकडा अकरांच्या पोटांत वर्षानंतरही होते. आणि घरीं राहिलेल्या माणसास प्रवाशाकडून ते लागण्याचा संभव शेंकडा बारा इतका निघाला. पाहुण्यांचें हें असें, तर येथेंच जन्म काढणाऱ्यांचें काय सांगावें? पाणी, कच्च्या पालेभाज्या, नळाची तोटी, शौचाहून आलेल्या मुलाचे न धुतलेले हात, इतक्या वाटा उघड्या आहेत.

आणि कोंबडी? ती सांपडण्यास फार शोध करावा लागला नाहीं. आमच्या स्वयंपाकघरांतील मांडणीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यांत औषधें असतात. रुग्णालयांतून आल्यावर तिसऱ्या दिवशीं मीं तो उघडला. सेफिक्झिमच्या दहा गोळ्यांपैकीं सहा उरलेल्या. घसा दुखत होता म्हणून माघांत मींच त्या दोन दिवस घेतल्या होत्या, आणि बरें वाटतांच सोडल्या होत्या. तो घसा बहुधा विषाणूंचा होता, आणि विषाणूंवर या गोळ्या चालत नाहींत. आंतड्यांतील जंतूंवर मात्र त्यांनीं आपली निवड व्यवस्थित केली असणार. ओफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल यांच्या जोड-गोळीच्या तीन पट्ट्या होत्या. लग्नाकार्याचें जेवण बाधलें कीं आमच्याकडे एक-दोन घेण्याची चाल पडली आहे. वास्तविक साध्या पातळ जुलाबांत, मोठ्यांना काय किंवा मुलांना काय, मीठ-साखरेचें पाणी हेंच मुख्य औषध. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं पटकीच्या साथींत याच पाण्यावर अगणित माणसें वांचविलीं. मळांत रक्त पडत असेल, ताप असेल, तर गोष्ट निराळी. त्याचा निर्णय डॉक्टरांनीं करावयाचा. डब्यांत नातवाच्या अझिथ्रोमायसिनची अर्धी बाटलीही होती. नातू वहिनींच्याच ताटांत जेवतो.

२०१४ च्या मार्चपासून यांपैकीं पुष्कळ औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत, आणि विकलीं तर ग्राहकाचें नांव वहींत टिपून ठेवावें, असा नियम आहे. आमच्या डब्यांतल्या तीनही प्रकारांपैकीं दोहोंना चिठ्ठी नव्हती. दुकानदारास दोष देण्यापूर्वीं माझ्याही लक्षांत आलें कीं, चिठ्ठी नसतांना मागावयास गेलों होतों मीच.

वापर थांबला तर जंतु पुन्हां वश होतात काय? कांहीं अंशीं होतात. प्लाझ्मिड संभाळण्यास जंतूला थोडा खर्च पडतो, आणि औषध नसेल तर बिगर-प्लाझ्मिडाचे शेजारी हळूहळू पुढें जातात. लेव्हींच्या शेतावर औषधी खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांत माणसांच्या पोटांतील प्रतिकारक जंतु कमी झाले होते. चीनमध्यें डुकरांच्या खाद्यांत कोलिस्टिन घालीत. त्या शेवटच्या फळींतल्या औषधाचा प्रतिकारही प्लाझ्मिडावरून जातो असें २०१५ सालीं उघड झालें, २०१७ पासून तेथें वजनवाढीसाठीं तें घालणें बंद झालें, आणि त्यानंतरच्या पाहणींत तें जनुक जनावरांत आणि माणसांतही पुष्कळ घटलेलें दिसलें. आपल्या सरकारनेंही २०१९ सालीं खाद्य-जनावरांसाठीं कोलिस्टिनवर बंदी घातली. परंतु घटणें हें मावळणें नव्हे. कित्येक जंतु कांहीं पिढ्यांत वहीचा खर्च भरून काढण्याची युक्ति साधतात, आणि मग ती कायम बाळगतात.

वहिनी सात दिवसांनीं घरीं आल्या. त्यांच्या जंतूवर कार्बापेनेम चाललें. दिवसांतून तीन वेळां शिरेंतून मेरोपेनेम द्यावें लागलें, आणि त्यांचे दोन्ही हात सुयांनीं काळे-निळे झाले. आल्यावर त्यांनीं पहिल्यांदा तो कागद मागून घेतला आणि ‘एस्’ लिहिलेलीं पांच नांवें मोठ्यानें वाचलीं. मीं डब्याची हकीकत सांगितली तेव्हां त्या रागावल्या नाहींत. “मग या गोळ्यांचें आतां काय करणार? घाणींत टाकाल तर तेथेंही जंतु आहेतच कीं,” एवढेंच म्हणाल्या. त्यांचें म्हणणें बरोबर होतें. मीं डबा घेऊन दुकानदाराकडे गेलों; उघडलेल्या पट्ट्या परत घेण्याची सोय नाहीं असें त्यानें सांगितलें. दुसऱ्या दुकानांतही तेंच उत्तर मिळालें. डबा तूर्त माझ्या मेजावर आहे.